तो गोटा गरम होता का

२२ मे २०१२. दुपारचे दोन वाजून गेले होते, नवतपा लागायला तीन दिवस बाकी, आणि ऊन असं की कुत्री नाल्याच्या ओल्या वाळूत पोट टेकवून पडलेली. माझी नववीची परीक्षा होऊन सुट्ट्या लागल्या होत्या, कूलरसमोर आडवी झाले होते आणि एकदम धडाडधूम आवाज झाला, एक नाही, लागोपाठ. आईला वाटलं कोणीतरी विहिरीत सुरुंग उडवला, शेजारच्या काकांना वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून ते आधी मोटार बंद करायला पळाले. संध्याकाळी कळलं की काटोलकडे आभाळातून दगड पडलेत.

नागपूर जिल्ह्यातलं काटोल आमच्या गावापासून नऊ-दहा किलोमीटर. संत्र्यासाठी सगळ्यांना माहीत असलेलं गाव, आता जगातल्या उल्कांच्या यादीतही ते नाव आहे, कारण उल्का जिथं पडते त्या जागेचंच नाव तिला देतात. आमच्या शेतात काही पडलं नाही, दोन दिवस पोरं बांध धुंडाळत फिरली तेवढंच. पण आबाजी (माझे आजोबा, बाबांचे बाबा) रोज संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचे, तो गोटा पडला तवा गरम होता का. कोणी म्हणे हात भाजला, कोणी म्हणे थंडगार होता, कोणी म्हणे ज्यानं उचलला त्याला मी ओळखतो. मलाही विचारलं, "काय वं पोरी, तू त शायनी आहे, सांग बरं." मी शाळेत शिकवलेलं सांगितलं की हवेत घासून जळत येतो म्हणजे गरमच असणार. आबाजींनी मान हलवली पण पटलं नव्हतं त्यांना, आणि हे उत्तर अर्धवट होतं हे कळायला मला पुढची सात-आठ वर्षं लागली.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे एमएस्सीला जिऑलॉजी घेतल्यावर माझ्या प्रोजेक्टमध्ये नेमका हाच प्रश्न आला, फक्त जरा वेगळ्या तोंडानं. दगडी उल्केतल्या खनिजांच्या कणांवरून ती किती तापली, कधी तापली आणि किती वेगानं थंड झाली हे कसं वाचायचं. ते वाचायला शिकताना काय काय झालं ते सांगते.

सुरुवात उल्केपासून नाही झाली. सर म्हणाले आधी स्वतःच्या गावचा दगड आण आणि त्याचा काप करायला शीक, उल्केला हात नंतर. म्हणून आमच्या विहिरीतून निघालेला काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, पिशवीत घालून एसटीनं नागपूरला नेला. थिन सेक्शन म्हणजे दगडाचा इतका पातळ काप की त्यातून उजेड आरपार जातो, जाडी ०.०३ मिलिमीटर. मशीनवर चौकोनी चकती कापायची, एक बाजू काचेवर कार्बोरंडमची पावडर टाकून घासत राहायची, आधी जाड पावडर मग बारीक मग त्याहून बारीक, आणि प्रत्येक वेळी हात आणि काच धुऊन घ्यायचे कारण जाड पावडरचा एक कण जरी बारीकमध्ये गेला तरी ओरखडे पडतात आणि परत मागे जावं लागतं. मग ती गुळगुळीत बाजू अराल्डाइटनं काचपट्टीवर चिकटवायची, बुडबुडा राहता कामा नये. मग दुसरी बाजू कापून परत घासायची. शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड, कारण जाडी मोजायला पट्टी नसते, रंग बघून ओळखायचं असतं. पोलरायझिंग मायक्रोस्कोपमध्ये दोन्ही फिल्टर आडवे-उभे लावले की दगडातलं फेल्डस्पार हे खनिज पिवळट दिसत असेल तर अजून जाड आहे, राखाडी-पांढरा झाला की थांबायचं. माझे पहिले तीन काप गेले. तिसऱ्याला तर मी पिवळा जाऊन राखाडी यायची वाट बघत होते आणि बाहेर कोणीतरी हाक मारली म्हणून दहा-बारा फेऱ्या जास्त मारल्या असतील, परत बघितलं तर काचेवर दगडच नव्हता, नुसतं अराल्डाइट. त्या दिवशी होस्टेलवर जाऊन रडले होते, खरं सांगते.

चौथा झाला. आणि त्यात जे दिसलं त्यानं पुढचं सगळं ठरलं. फेल्डस्पारच्या लांबट काड्या एकमेकींत अडकलेल्या, मधेमधे पायरॉक्सिन हे दुसरं खनिज, आणि फटींमध्ये काळपट काच. सरांनी विचारलं काड्या मोठ्या का आणि मधली काच का. मला उत्तर आईच्या कढईतून सुचलं. तूप कढवून गरम असतानाच थंड पाण्यात भांडं ठेवलं तर ते लोण्यासारखं गच्च गुळगुळीत होतं, आणि झाकून चुलीशेजारी हळूहळू निवू दिलं तर छान रवाळ होतं. तूप तेच, निवण्याचा वेग वेगळा. लाव्हा आधी हळू निवत होता तेव्हा काड्या वाढल्या, मग जमिनीवर पसरून पटकन निवला तेव्हा उरलेल्याची काच झाली. सर हसले आणि म्हणाले, हे डोक्यात ठेव, पण उल्केत हे एवढं सरळ नसतं.

ते का नसतं हे पुढच्या महिन्यात कळलं. सरांनी दोन तयार स्लाइड दिल्या, दोन्ही साध्या कॉन्ड्राइटच्या, म्हणजे कॉन्ड्रूल नावाचे बारीक गोल कण असलेल्या दगडी उल्केच्या, शिकवण्यासाठी ठेवलेल्या जुन्या. एकावर टाइप ३ लिहिलेलं, दुसरीवर एल-६. (आपल्याकडे पडलेली काटोलची उल्काही एल-६ च आहे, म्हणून मला ती दुसरी आधी बघायची घाई.) एल म्हणजे लोखंड कमी असलेला गट, आणि आकडा म्हणजे आतून किती शेकली गेली त्याची पायरी, ३ सगळ्यात कमी शेकलेली, ६ सगळ्यात जास्त. ही पद्धत व्हॅन श्मस आणि वुड यांनी १९६७ मध्ये बसवली आणि अजून तीच वापरतात.

एल-६ लावली आणि माझा हिरमोड झाला. पुस्तकातल्या फोटोत कॉन्ड्रूल असे गोल गोल, मण्यांसारखे दिसतात, इथं नुसता रंगीत कणांचा गच्च पसारा, ऑलिव्हिन या खनिजाचे निळे गुलाबी हिरवे तुकडे, पायरॉक्सिनचे राखाडी-पिवळे. गोल काहीच नाही. वाटलं स्लाइड चुकीची दिली. मग टाइप ३ लावली आणि अक्षरशः श्वास अडकला. एकेक कॉन्ड्रूल वेगळा, काठ स्वच्छ. एकात ऑलिव्हिनच्या पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या समांतर. दुसऱ्यात पायरॉक्सिन एका टोकापासून हातपंख्यासारखं पसरलेलं. तिसऱ्यात मोठे ऑलिव्हिन आणि त्यांच्या मधे काच, आणि ऑलिव्हिनसुद्धा मध्यापासून काठापर्यंत एकसारखं नाही, काठाकडे लोखंड वाढत गेलेलं.

हे कॉन्ड्रूल म्हणजे सूर्यमाला बनत होती तेव्हाचे, साधारण ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे, वितळलेले थेंब. दगडाचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघायची रीत रुळवणारा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी, त्यानं १८७७ मध्येच हे ओळखलं होतं की हे आगीच्या पावसाचे थेंब असले पाहिजेत, आणि त्याच्याकडे ना कॉम्प्युटर ना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, नुसता काप आणि डोळे. थेंब १५०० ते १९०० अंशांपर्यंत तापले आणि तासाला दहा ते हजार अंश अशा वेगानं निवले असं लॅबमध्ये थेंब वितळवून-निववून ताडून बघितलंय. म्हणजे तासांचा, फार तर दिवसाचा खेळ. कंगव्यासारख्या पट्ट्या तेव्हाच होतात जेव्हा थेंब जवळजवळ पूर्ण वितळून आत जुने कण वाढीला फारसे उरत नाहीत, आणि मग एकदम वाढ सुटते. ही झाली पहिली आग.

मग एल-६ मध्ये हे सगळं गेलं कुठं? तिथं माझं घोडं अडलं होतं आणि तेवढ्यात मार्च २०२० आला. लॉकडाऊन. लॅब बंद, होस्टेल रिकामं करा. जायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही स्लाइडचे आयपीसला मोबाइल लावून फोटो काढले, शंभरच्या वर, अर्धे हललेले, पण पुढचे चार महिने तेच माझं मायक्रोस्कोप होतं. स्टेज (मायक्रोस्कोपची फिरती बैठक, जिच्यावर स्लाइड ठेवतात) प्रत्येक वेळी थोडी फिरवून एकाच जागेचे पाच-सहा फोटो घेऊन ठेवले होते ही त्यातली एक गोष्ट बरी केली.

घरी आले तर बाबांचा विटांचा भट्टा पेटलेला. शेतीच्या जोडीला नाल्याकाठी बाबा दरवर्षी दिवाळीनंतर विटा पाडतात, उन्हाळ्यात भट्टा लावतात. त्या वर्षी मजूर अर्धे निघून गेलेले, रस्ते बंद, पण पेटलेला भट्टा काही थांबवता येत नाही. कच्च्या विटा रचायच्या, थरांमध्ये कोळसा, पऱ्हाट्या, तुराट्या, आणि बाहेरून सगळं मातीनं लिंपून टाकायचं म्हणजे आच आतच राहते. मी रात्री बाबांसोबत राखणीला जायचे, तिथं रेंज चांगली, आणि फोटो बघत बसायचे.

भट्टा उतरवला तेव्हा मी विटा वाहायला होते आणि तिथं मला ते दिसलं. बाहेरच्या थरातल्या विटा पिवळट, कच्च्या, त्यांच्यात पाडतानाची बोटं, भुशाचे ठसे, साच्याची रेघ सगळं जसंच्या तसं. आत गेलो तशी वीट लाल, पक्की, ठसे पुसट. आणि पार मध्ये काही विटा झामा झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, कुठली वीट कुठं संपते ते कळत नाही. माती एकाच खड्ड्यातली, पाडल्या एकाच दिवशी, पेटवल्या एकदाच. टाइप ३ म्हणजे बाहेरची वीट. टाइप ६ म्हणजे आतली. कॉन्ड्रूल गेले नव्हतेच, त्यांचे काठ शेजारच्या कणांत मुरले होते. मी रात्री परत एल-६ चे फोटो काढून बसले आणि या वेळी गोल शोधायचं सोडून कंगवा शोधला, एका कोपऱ्यात ऑलिव्हिनच्या सात-आठ पट्ट्या एकाच रंगाच्या, एकाच वेळी अंधारणाऱ्या, काठ विरलेला. थेंबाचा ठसा. त्या रात्री बाबांना झोपेतून उठवून दाखवला होता.

शास्त्रज्ञ याला कांद्याच्या पापुद्र्यांचं मॉडेल म्हणतात, मला भट्टाच जास्त पटतो कारण त्यात सरपणही आतच असतं. उल्का ज्या लघुग्रहातून आली त्याचं सरपण म्हणजे ॲल्युमिनियम-२६, किरणोत्सारी, साधारण ७ लाख वर्षांत निम्मं होऊन जाणारं. सूर्यमालेच्या अगदी सुरुवातीला ते धुळीत मिसळलेलं होतं. जे लघुग्रह फार लवकर जमले त्यांच्यात सरपण इतकं की ते पार वितळले, लोखंड खाली गेलं, वर लाव्हा आला. साध्या कॉन्ड्राइटचे जरा उशिरा, वीसेक लाख वर्षांनी जमले, तोपर्यंत सरपण बरंचसं विझलेलं, म्हणून ते नुसते शेकले, वितळले नाहीत. टाइप ६ मधलं तापमान ८०० ते ९५० अंशांपर्यंत गेलं असं दोन प्रकारच्या पायरॉक्सिनमधल्या कॅल्शियमच्या वाटणीवरून काढतात. आणि भट्टा निवायला आठवडा लागतो, हे लाखो-कोटी वर्षं निवत राहिले. ही दुसरी आग, आणि हीच सगळ्यात लांब चालली.

यात आकाराचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो मला बाबांनी सांगितला, उल्केबद्दल नाही, भट्ट्याबद्दल. लहान भट्टा लावला तर आच धरतच नाही, पाच हजार विटांचा लावून बघ, निम्म्या कच्च्या निघतील. जपानच्या हायाबुसा यानानं इटोकावा लघुग्रहावरून धूळ आणली, २०१० मध्ये, आणि त्यातले काही कण टाइप ५-६ सारखे ८०० अंशांच्या आसपास शेकलेले निघाले. इटोकावा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. एवढ्या लहान गोळ्यात ती आच टिकणंच शक्य नाही, म्हणजे तो कुठल्यातरी वीस किलोमीटरपेक्षा मोठ्या लघुग्रहाचा फुटून परत गोळा झालेला ढीग आहे. धुळीच्या कणातल्या फेल्डस्पारवरून फुटलेल्या घराचा आकार कळतो, मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो.

लॅब परत उघडल्यावर दोन गोष्टी मोजायच्या होत्या. पहिली, फेल्डस्पार. शेकताना कॉन्ड्रूलमधली काच हळूहळू फेल्डस्पारमध्ये बदलते आणि कण वाढत जातात, टाइप ६ मध्ये ते ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे जातात. माझ्या स्लाइडमध्ये ६०-७० चे सहज मिळाले. दुसरी गोष्ट, ऑलिव्हिनमधलं लोखंड. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब लागतं, म्हणजे कणातल्या एकेका ठिपक्यात कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र, ते दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत होतं, तीन वेळा तारीख मिळाली आणि तिन्ही वेळा आदल्या दिवशी मशीन बंद म्हणून निरोप आला, रिझर्व्हेशनचे पैसे गेले ते गेलेच, ते कोणी परत देत नाही. चौथ्यांदा अर्धा दिवस मिळाला. वीस ठिकाणी मोजलं, कणाच्या मधोमध, काठाला, कॉन्ड्रूलच्या ठशात, बाहेर, सगळीकडे लोखंडी भाग २४-२५ टक्के. तोच आकडा परत परत येतोय हे बघून शेजारी बसलेला ऑपरेटर कंटाळला होता, मला मात्र प्रत्येक वेळी आनंद होत होता, कारण टाइप ३ मध्ये एकाच कणात हा आकडा कुठल्या कुठे बदलतो. लोखंड आणि मॅग्नेशियमचे अणू घन दगडातून, न वितळता, एकेक जागा बदलत सगळीकडे सारखे झाले होते. त्याला उष्णता पण लागते आणि वेळ पण.

निवण्याचा वेग मात्र ऑलिव्हिन नीट सांगत नाही, तो धातू सांगतो. साध्या कॉन्ड्राइटमध्ये लोखंड-निकेलचे बारीक कण विखुरलेले असतात. निवताना त्यातून दोन मिश्रधातू वेगळे होतात, कमी निकेलचा कामासाइट आणि जास्त निकेलचा टेनाइट. निकेल टेनाइटमध्ये शिरायला बघतं, पण थंडी वाढली की अणूंची चाल मंदावते आणि मधल्या भागापर्यंत पोचत नाही, म्हणून कणाच्या काठांवर निकेल जास्त आणि मध्ये कमी राहतं, आलेख काढला तर इंग्रजी एमसारखा दिसतो. मध्यभागी किती पोचलं आणि कण केवढा, यावरून वेग निघतो. हे जॉन वुडनं १९६७ मध्ये मांडलं. उत्तरं येतात ती दहा लाख वर्षांना काही अंशांपासून शंभरेक अंशांपर्यंत. आपण निवणं म्हणतो ते चहा, तवा, भट्टा यांचं, पण दहा लाख वर्षांत दहा अंश हा वेग डोक्यात बसवायला मला खूप दिवस लागले.

इथंच भट्ट्याचं चित्र जरा फसतं. आतली वीट सगळ्यात हळू निवायला हवी, म्हणजे टाइप ६ सगळ्यात मंद आणि टाइप ३ सगळ्यात वेगवान. पण धातू तपासल्यावर बऱ्याच उल्कांमध्ये हा क्रम जुळत नाही, काही टाइप ६ टाइप ४ पेक्षा लवकर निवलेल्या निघतात. एक म्हणणं असं की गरम असतानाच लघुग्रह टकरीत फुटला, तुकडे विखुरले, परत गोळा झाले. मला हे पटतं, कारण भट्टा अर्धवट निवलेला असताना घाईनं उकरला की आतल्या विटा उघड्या पडून एकदम निवतात, काही तडकतात, तसंच. पण काही उल्कांमध्ये पापुद्र्यांचा क्रम नीट जुळतोही, म्हणून एकच नियम सगळ्या लघुग्रहांना लावणं चूक आहे असं माझं मत झालंय.

आता ती गोष्ट जिथं मी चुकले. माझ्या एल-६ स्लाइडमध्ये केसासारख्या बारीक काळ्या शिरा होत्या, एकमेकींना जोडलेल्या. मी वहीत लिहून टाकलं की या वातावरणातून पडताना उष्णतेनं तयार झाल्या, शाळेतलंच डोक्यात होतं ना. सरांनी काही न बोलता विचारलं, शिरेला लागून असलेला ऑलिव्हिन स्टेज फिरवून बघितलास का. फिरवला. चांगला, न दुखावलेला कण फिरवला की एका कोनाला सगळाच्या सगळा एकदम अंधारतो. हा अंधारत नव्हता, त्याच्यावरून सावली लाटेसारखी सरकत जात होती, धान्याच्या शेतावरून वारा जातो तशी. काही कणांत तर तुकड्या-तुकड्यानं, गोधडीसारखा अंधार. शिवाय समांतर सरळ फटी. आणि काही फेल्डस्पार कुठल्याही कोनात काळेच राहिले, म्हणजे आकार स्फटिकाचा पण आतून काच झालेले. त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात, ते पहिल्यांदा ओळखलं गेलं १८७२ मध्ये, बिहारात शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत, जी पुढं मंगळावरची निघाली. आपल्या बुलढाण्यातल्या लोणारलाही ते सापडतं, बेसाल्टमध्ये, कारण तिथंही तसाच दणका बसला होता.

नुसती उष्णता हे करत नाही. हे धक्क्याचं काम आहे, दोन लघुग्रहांच्या टकरीचं, स्टॉफलर, काइल आणि स्कॉट यांनी १९९१ मध्ये याच्या एस-१ ते एस-६ अशा पायऱ्या ठरवल्या. धक्क्याची लाट दगडातून जाते तेव्हा फटींच्या, कणांच्या काठांच्या ठिकाणी एकदम वितळतं आणि लाट गेली की आजूबाजूच्या थंड दगडामुळे क्षणात गोठतं. त्याच त्या काळ्या शिरा. एल गटाच्या खूप उल्कांमध्ये आर्गॉन वायूच्या मोजणीवरून सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या टकरीची खूण सापडते, त्या काळातल्या उल्का स्वीडनमध्ये चुनखडकात जीवाश्मासारख्या गाडलेल्याही मिळाल्यात. ही तिसरी आग, आणि ती सेकंदाची किंवा त्याहून कमीची.

वही खोडून परत लिहिली. आणि मग आबाजींचा प्रश्न आठवला, कारण आता त्याचं उत्तर देता येत होतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा ओट्यावर बसून सांगितलं. आबाजी, गोटा आभाळातून येताना वरून जळतो, खूप जळतो, साल वितळून वाहून जाते, पण ते काही सेकंदच. दगडातून आच आत शिरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळच मिळत नाही. काळी साल राहते ती एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, तिच्या आत बाकी सगळं होतं तसं, अंतराळात थंड होतं तसंच. म्हणजे पडल्यावर सालीला ऊब असेल-नसेल, आत मात्र थंडच. आबाजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे पानगे. वरतून करपले अन् आतून कच्चे." मी म्हटलं हो, अगदी तसंच. मग त्यांनी विचारलं, "मंग तो कधीच गरम नोयता का?" तेव्हा मी बाकीच्या तीन आगी सांगितल्या, थेंबांची, भट्ट्याची, टकरीची. भट्ट्याच्या आगीला त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनीच हा भट्टा सुरू केलेला.

२०२१ मध्ये काटोलच्याच उल्केवरचा आयआयटी खरगपूरच्या लोकांचा पेपर आला आणि मी तो एसटीत उभ्यानं वाचला. काटोलच्या दगडातल्या धक्क्याच्या शिरांमध्ये त्यांना ब्रिजमनाइट मिळालं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली सगळ्यात जास्त आहे, म्हणजे पृथ्वीवरचं सगळ्यात विपुल खनिज, पण तिथवर कोणी जाऊ शकत नाही आणि वर आणलं तर ते टिकत नाही. पहिल्यांदा नैसर्गिक रूपात ते ऑस्ट्रेलियातल्या टेनहॅम उल्केत सापडलं आणि २०१४ मध्ये त्याला नाव मिळालं. काटोलमधलं ब्रिजमनाइट लोखंड-ॲल्युमिनियमच्या प्रमाणात पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातल्याशी जास्त जुळतं. माझ्यासाठी यातला खरा मुद्दा निवण्याचा आहे. टकरीचा दाब गेला आणि शीर अजून गरम राहिली असती तर ब्रिजमनाइट मोडून गेलं असतं. ते उरलं याचाच अर्थ शीर दाब असतानाच, फार पटकन निवली. आणि ज्या दगडाच्या बाकी अंगानं लाखो वर्षं घेतली निवायला, त्याच दगडात बोटभर अंतरावर हे. घरी फोन करून सांगितलं की काटोलच्या गोट्यात असं असं सापडलं, तर आबाजी म्हणाले, "आपल्या काटोलच्या?" दोनदा विचारलं.

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आभाळातून जळत्या रेघा गेल्या त्या विदर्भातल्या खूप लोकांनी बघितल्या, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे धातूचं कडं पडलं, ते रॉकेटचं निघालं. तेव्हापासून मला ओळखीतले लोक काळ्या दगडांचे फोटो पाठवतात. मी प्रत्येकाला उत्तर देते, कारण एखादा खरा निघाला तर तो जिऑलॉजिकल सर्व्हेकडे जायला हवा, देवघरात किंवा शोकेसमध्ये नाही. बहुतेक दगड दोनच गोष्टींनी बाद होतात. चुंबक लागत नाही, किंवा फोडल्यावर आत बुडबुडे दिसतात. साध्या कॉन्ड्राइटमध्ये धातू असतो म्हणून चुंबक ओढतं, आणि बुडबुडे जवळजवळ नसतातच.

मागच्या महिन्यात एकानं पाठवलेला बुडबुड्यांचा काळा चकचकीत तुकडा बघितल्या बघितल्या ओळखला, तो झामा होता, कुठल्यातरी भट्ट्यातला. त्यांना तसं सांगितलं, आणि मग मनात आलं की आपल्या भट्ट्यातल्या झाम्याचा काप आपण कधी केलाच नाही. बाबांनी एक मधला तुकडा ठेवून दिला. काप करायला त्रास झाला, बुडबुड्यांत पावडर अडकत होती म्हणून आधी अराल्डाइट भरून घ्यावं लागलं. रविवारी झाला. काच, खूप काच, त्यात वाळूचे न वितळलेले कण काठ झिजलेले, आणि काचेत गोठलेल्या बारीक सुया, एका बिंदूतून सगळीकडे फुटलेल्या. टाइप ३ च्या स्लाइडमधला तो हातपंखा मी शेजारी लावून बघितला. सुयांची जाडी मोजायची आहे अजून, आणि बाबांना विचारायचंय की त्या वर्षी भट्टा नेमका कुठल्या दिवशी उकरला होता.